अकरा वर्तमानपत्रांचा एक कागद

२१ ऑगस्ट १९९१. मॉस्कोतल्या एका प्रकाशनगृहात मी तेव्हा रशियनमधून मराठीत भाषांतरं करत असे. दोन दिवसांपूर्वी सोव्हिएत सरकारातल्याच कट्टर नेत्यांच्या आणीबाणी समितीने सत्ता बळकावली होती. राष्ट्राध्यक्ष गोर्बाचेव्ह क्रिमियात नजरकैदेत, रस्त्यांवर रणगाडे, आणि आदल्या रात्री तीन तरुणांचा बळी गेलेला. टेबलावर प्रुफं होती, पण ती वाचण्यात लक्ष कुणाचं लागणार?

आमच्या विभागाच्या संपादिका भिजतच आल्या. पिशवीतून त्यांनी झेरॉक्स केलेला एक कागद काढला. मेट्रो स्टेशनात लोक असेच कागद भिंतींवर चिकटवत होते. नाव होतं 'ओब्श्चाया गझेता', म्हणजे सगळ्यांचं मिळून एक पत्र. समितीने मॉस्कोत फक्त नऊ पत्रांना परवानगी दिली होती. बंदी आलेल्या अकरा पत्रांनी एकत्र येऊन हे काढलं होतं. एरवी एकमेकांचे वाचक ओढणारे हे लोक!

"येगोर व्लादिमिरोविच," बाई एवढंच म्हणाल्या. म्हणजे येगोर याकोव्लेव्ह, या कागदामागचे संपादक. भारतात 'मॉस्को न्यूज' म्हणून येणाऱ्या पत्राची धुरा १९८६ साली त्यांच्याकडे आली आणि पाहुण्यांना दाखवायचं ते पत्र मॉस्कोकर पहाटेपासून रांगा लावून घेऊ लागले. पुश्किन चौकात कचेरीबाहेर लावलेल्या अंकासमोर अनोळखी माणसं तासन् तास वाद घालत. तिथेच थांबून मी बोलती रशियन शिकलो. परदेशी गेलेले लेखक व्हिक्टर नेक्रासोव्ह वारले तेव्हा याकोव्लेव्हनी मृत्युलेख छापला आणि कम्युनिस्ट पक्षश्रेष्ठींचा रोष ओढवून घेतला. लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसमध्ये, सोव्हिएत सैन्याने माणसं मारली, तेव्हा तर त्यांच्या पत्राने पहिल्याच पानावर सरकारला गुन्हेगार ठरवलं. लेनिनवर पुस्तकं लिहिणारा, पक्षातच वाढलेला माणूस हा. म्हणूनच मला त्यांचं धाडस जास्त मोठं वाटतं. आपल्याच माणसांविरुद्ध लिहिणं फार जड जातं.

हिंदी, बंगाली, तमिळ विभागांतली मंडळी माझ्या टेबलाभोवती जमली. मी कागद मोठ्याने वाचत गेलो, प्रत्येकजण आपापल्या भाषेत पुटपुटत राहिला. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाची पावलं वाजली तरी कुणी आवाज खाली आणला नाही. त्या कचेरीत मी हे पहिल्यांदाच पाहत होतो.

दुपारी रणगाडे परत फिरू लागले. आठवड्याभरात याकोव्लेव्ह सरकारी दूरदर्शनचे प्रमुख झाले. पण नोव्हेंबर १९९२ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिननी त्यांना काढून टाकलं. मग त्यांनी साप्ताहिक सुरू केलं, नाव ठेवलं 'ओब्श्चाया गझेता', आणि २००२ पर्यंत चालवलं.