मिरजेचा हात, शहापूरचा तंबोरा

बेळगावच्या शहापूर भागात मी तंबोरे घडवतो आणि जुन्या तंबोऱ्यांची दुरुस्ती करतो. आमचे घर मूळचे मिरजेचे. तिथल्या सतारमेकर गल्लीत माझे बालपण गेले, शिक्षण मराठी शाळेत झाले, घरात दखनी बोलली जाते आणि आता रेशनकार्डापासून वीजबिलापर्यंतचे सगळे कागद कन्नडात येतात. मिरज ते बेळगाव हा रेल्वेने अवघ्या काही तासांचा प्रवास असल्यामुळे मी स्वतःला स्थलांतरित म्हणवून घेणे अनेकांना अतिशयोक्तीचे वाटेल. पण राज्याची हद्द ओलांडून बिऱ्हाड करणाऱ्या कारागिराच्या वाट्याला काय येते, हे किलोमीटरवरून ठरत नाही, आणि त्याविषयी आमच्यापैकी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे लिहावेसे वाटले.

मिरज सोडण्याचे कारण साधे होते. तिथे या कामातले हात पुष्कळ आहेत आणि कारखान्याच्या एका खोलीत भाऊ, चुलतभाऊ, त्यांची मुले इतकी माणसे मावत नाहीत. बेळगावात उलट परिस्थिती होती. इथे गाणे शिकणारे आणि शिकवणारे भरपूर, भजनी मंडळे गल्लोगल्ली, एका बाजूला धारवाड-हुबळी, दुसऱ्या बाजूला गोवा. मात्र तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून त्यांच्याखालच्या घोडीला दिलेली घासणी, उतरली तर वाद्य गाडीत घालून मिरजेला न्यावे लागे किंवा मिरजेचा कारागीर येण्याची वाट पाहावी लागे. माझे अब्बा हत्यारांची पेटी घेऊन असेच इकडे येत, ओळखीच्या बुवांच्या घरी उतरत, परिसरातल्या सगळ्या जवाऱ्या काढून देत आणि परत जात. "मिस्त्री, इथंच एक खोली घ्या की," असे त्यांना अनेकांनी सांगितले होते. ते त्यांनी केले नाही, मी केले.

आजोबांच्या काळात या प्रवासाला परराज्यात जाणे म्हणत नसत. १९५६ पर्यंत मिरज आणि बेळगाव दोन्ही मुंबई राज्यात होती, आणि त्याही आधी, संस्थाने विलीन होईपर्यंत, आज मी राहतो ते शहापूर सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात मोडत होते. मिरजही पटवर्धनांचीच. आमच्या वाद्यांना पहिला आश्रय मिळाला तो त्याच मिरज संस्थानात.

आमच्या धंद्याचा उगमही एका विस्थापनातच आहे. आम्ही शिकलगार, म्हणजे तलवारी, भाले घडवणारे आणि त्यांना धार लावणारे लोक. इंग्रजी अंमलात लढाया थांबल्या, शस्त्रांची गरज संपली आणि शिकलगारांचे हात रिकामे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत फरीदसाहेब यांनी वाद्यदुरुस्तीपासून सुरुवात करून सतारी आणि तंबोरे घडवण्याचे काम हाती घेतले, आणि त्यांच्या मागोमाग आमच्यातली घरेच्या घरे या कामात आली. कानस आणि छिन्नी तीच राहिली, फक्त तिच्याखालचे पोलाद जाऊन लाकूड आले. गाव न सोडता धंदा बदलणे हे एक प्रकारचे स्थलांतर, आणि धंदा न सोडता गाव बदलणे हे दुसऱ्या प्रकारचे. पहिले आमच्या पूर्वजांनी निभावले, दुसरे मी निभावतो आहे.

इथे आल्यावर मला सगळ्यात आधी ज्याने परका ठरवले, तो इथला पाऊस. मिरजेची हवा कोरडी आहे. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या रानातून येतो. तो कडू जातीचा असतो, खाण्याच्या उपयोगाचा नसतो, पण वाढतो मोठा आणि सालीला जाड. वाळलेला भोपळा कापून पाण्यात भिजवतात, मऊ झाला की आतला गाभा खरवडून काढतात, तोंड हवे तेवढे फाकावे म्हणून आत काटक्यांचे टेकू देतात आणि मग पुन्हा वाळवतात. मिरजेच्या उन्हात हे काम बिनघोर होते. बेळगावात जून लागला की आभाळ उघडत नाही, भिंतींना ओल येते, आणि माझ्या पहिल्याच पावसाळ्यात टेकू दिलेल्या भोपळ्यांना आतून बुरशी धरली. लाखेचे पॉलिशही दगा देऊ लागले. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कपड्याच्या बोळ्याने हात फिरवत चढवायची असते; दमट हवेत तिच्यावर पांढुरकी झाक येते, आणि आरशासारखी दिसायला हवी ती दांडी धुक्यात ठेवल्यासारखी दिसते.

म्हणून हळूहळू कामाचे सगळे वेळापत्रकच मी बदलले. भोपळ्याचे काम आता मी होळीनंतरच्या उन्हात उरकून घेतो. पॉलिश दिवाळीनंतर करतो. पावसाळ्यात फक्त कोरीवकाम, खुंट्या बसवणे आणि दुरुस्ती. सांध्यांना पूर्वी आमच्याकडे सरस वापरत, तो ओलीने मऊ पडतो, म्हणून तिथे फेविकॉल आला. वाचायला या बारीकसारीक गोष्टी वाटतील, पण मिरजेत माझ्या अब्बांनी, त्यांच्या अब्बांनी जे ज्ञान हातात दिले, ते त्या हवेसकट दिलेले होते, आणि हवा मागे राहिल्यावर हाताला पुन्हा शिकावे लागले.

जवारीचे तसेच. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी नजरेत न भरणारा उतार दिलेला असतो. छेडलेली तार त्या उतारावर घासत, स्पर्श करत कंप पावते, म्हणून एका तारेतून स्वरांचा झोत उमटतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवायचा असतो. तो केसभर पुढेमागे झाला की आवाज एकदम खुलतो किंवा मिटतो. घोडीचा माथा कानशीने आणि बारीक पॉलिश पेपरने घासत, दर दोन हातांनंतर तार पुन्हा चढवून ऐकत राहायचे. यात मोजमाप नाही, कानच आहे. बेळगावच्या पावसाळ्यात तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, फुगते, घोडी किंचित वर उचलली जाते, तारेचा कोन बदलतो, आणि मे महिन्यात गात असलेला खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार, जुलैत नुसता ठोकल्यासारखा वाजतो. इथल्या गायकांना त्याचा अनुभव आहे. "मिस्त्री, पंचम बोलंना झालाय बघा," असा फोन आला की पाऊस आतपर्यंत पोहोचला, हे मला कळते. आता इथल्या वाद्यांच्या घोड्या मी मुळातच थोड्या वेगळ्या घासतो, पावसाला जागा ठेवून. मिरजेतल्या माझ्या चाचांनी तशी एक घोडी पाहिली तेव्हा त्यांना ती अपुरी वाटली; पावसात इथे येऊन ऐका, एवढेच मी त्यांना म्हणालो.

जागा मिळण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकांच्या वाट्याची आहे. दोन ठिकाणी खोली पसंत झाली, भाडे ठरले आणि नाव सांगितल्यावर बोलणे थांबले. शेवटी ज्यांच्या घरी अब्बा उतरत, त्या बुवांच्या मुलाने शब्द टाकला आणि विणकरांच्या वस्तीत मला खोली मिळाली. मालक स्वतः मागावर बसणारे आहेत. शहापूर, वडगाव, खासबागेत मागांचा आवाज दिवसभर चालू असतो, त्यामुळे माझ्या कानशीचा त्रास कुणाला झाला नाही. धोटा हातात धरणाऱ्या माणसाला कानस धरणाऱ्याची अडचण समजवावी लागत नाही, हे मी तिथे शिकलो. माल अडकला, उधारी थकली, लग्नसराईत हात पुरत नाहीत, ही आमची दोघांचीही सुखदुःखे आहेत.

मुसलमान म्हणून या कामाकडे पाहताना दोन बाजूंनी प्रश्न येतात. आमच्यातले काही जण विचारतात की गाण्याबजावण्याची रोजी कशी चालते. अब्बांचे उत्तर माझेही आहे: मी लाकडाचे काम करतो, मापात पाप करत नाही, आणि ज्या गावात ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी गाण्याची हजेरी लागते त्या गावचा मी आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ त्याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. तेही बाहेरून आलेले; जन्म उत्तरेतल्या कैरान्याचा, आणि १९३७ मध्ये ते गेले तोवर मिरज त्यांची झाली होती. दुसऱ्या बाजूने कधीकधी मला कार्यक्रमात मंचावर बोलावतात, विठ्ठलाच्या भजनाचा तंबोरा मुसलमानाने घडवला म्हणून शाल देतात. देणाऱ्यांचा भाव चांगला असतो आणि त्याचा मी आदर करतो. पण मला मनापासून वाटते की कुणीतरी त्या तंबोऱ्याचा सांधा पाहावा, पत्तीवरची नक्षी पाहावी, खर्ज ऐकावा आणि त्यासाठी शाल द्यावी. रमजानमध्ये रोजा धरून मी जवारी काढतो, कारण त्या दिवसांत कान अधिक स्वच्छ ऐकतो असा माझा अनुभव आहे. ही माझ्या धर्माची आणि माझ्या कामाची खरी भेट आहे, आणि ती मंचावर दाखवण्यासारखी नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला घेतले त्याकडे येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या गल्लीत आनंद झाला, मलाही झाला. पण हे मानांकन वस्तूला तिच्या भूभागासह मिळते. माझ्या हातात मिरजेचे शिक्षण आहे, भोपळा भीमाकाठचाच आहे, तरी शहापुरात बसून घडवलेल्या तंबोऱ्याला मी मिरजेचा म्हणू शकत नाही, आणि तसे म्हणणे योग्यही नाही, कारण मानांकनाचा अर्थच तो आहे. त्याच वेळी कोल्हापुरी चपलेकडे पाहावे. तिचे मानांकन दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून घेतले आणि त्यात महाराष्ट्राच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हेही आले. अथणी-निपाणीचा समगार, म्हणजे चामड्याचे काम करणारा कारागीर, आपल्या घरी बसून तीच चप्पल त्याच नावाने विकू शकतो. हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच हुन्नर नांदत असेल, तर नावही दोन्हीकडे नांदू शकते, हे त्या चपलेने दाखवून दिले आहे.

सरकारी कागदांचा अनुभवही इथेच जोडतो. २०२३ मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली, त्यात अठरा व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत, त्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या गोकाकच्या खेळण्यांच्या कारागिरांना जागा आहे. शस्त्रकारही आहे. वाद्य घडवणारा मात्र नाही. अर्ज भरायला गेलो तेव्हा तिथल्या माणसाने सुतार म्हणून नोंदवून घ्या असे सुचवले, आणि तो मदतच करत होता, पण माझ्या पणजोबांनी जो शस्त्रांचा धंदा सोडला तो यादीत आहे आणि ज्यासाठी सोडला तो नाही, हे वाचताना मला फार लागले. मी अर्ज भरला नाही. सुताराच्या कामाची मला लाज नाही. माझ्या घोडीसाठी लागणारे लाकूड मी शहापुरातल्या सुताराकडूनच कापून घेतो. पण ज्या कौशल्यावर मी उभा आहे त्याचे नाव कागदावर नसेल, तर पुढे ते शिकायला येणाऱ्या मुलाला मी काय दाखवायचे?

तसा एक मुलगा सध्या माझ्याकडे येतो. विणकराच्या घरचा आहे, कॉलेज करतो, संध्याकाळी बसतो. कन्नड आणि मराठी दोन्ही सफाईने बोलतो, माझी कन्नड पत्रे तोच वाचून दाखवतो. त्याचा कान चांगला आहे. सूत किती सरकवायचे हे त्याला मी सांगण्याआधी कळते. तो मिरजेचा नाही, शिकलगार नाही, मुसलमानही नाही, आणि उद्या त्याने तंबोरा घडवला तर तो कोणत्या नावाने विकायचा, हा प्रश्न माझ्यापेक्षा त्याचा अधिक आहे. मिरजेतल्या मानांकनधारक मंडळींना मी पत्र लिहितो आहे की मिरजेत शिकून बाहेर गेलेल्या कारागिरांची निदान एक नोंदवही त्यांनी ठेवावी, आणि चपलेच्या वाटेने हद्दीपलीकडच्या हातांना सामावून घेता येईल का, याचा विचार करावा. पत्राचा मराठी मसुदा तयार आहे. कन्नड मसुदा तो मुलगा करतो आहे, इथल्या कार्यालयात द्यायला.