घर बाजूने बघावं: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या वस्त्यांमधून

शिकागोच्या चॅथम भागात जायला रेड लाइन मेट्रोने ७९व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरतात आणि नेमका तिथेच पाहुण्याचा गैरसमज होतो. हे स्टेशन डॅन रायन एक्स्प्रेसवेच्या मधोमध आहे. दोन्ही बाजूंनी गाड्यांचा लोंढा, फलाटावर इतका आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. जिना चढून वर आलं की महामार्गाचा पूल. बरेच जण तेवढं बघून मत बनवतात. खरी वस्ती पूर्वेला आहे. शिकागोत घरांचे नंबर ८०० ने वाढले की एक मैल झाला, हे लक्षात ठेवलं की नकाशाही लागत नाही. किंग ड्राइव्ह '४०० पूर्व' आहे, म्हणजे स्टेशनपासून अर्धा मैल आणि वर थोडं. तिथून दक्षिणेला वळावं आणि ८३व्या रस्त्यापर्यंत मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांमधून चालावं.

या गल्ल्यांत बंगल्यांची रांग लागते. आपल्याकडे बंगला म्हटलं की ऐसपैस आवार डोळ्यांपुढे येतं. शिकागोचा बंगला तसा नाही. १९१० ते १९४० या काळात शहरात अशी सुमारे ८० हजार घरं उभी राहिली. अरुंद प्लॉट, त्यावर दीड मजल्याचं विटांचं घर, उतरतं छप्पर, पायऱ्यांच्या कठड्यावर दगडी कुंडी आणि मागे गॅरेजसाठी वेगळी गल्ली. एका घरापाशी थांबून दोन घरांमधल्या फटीत डोकवा. समोरच्या भिंतीला गुळगुळीत, एकसारख्या रंगाची, महाग वीट आहे. कोपरा वळताच ओबडधोबड, गुलाबी-पिवळी, स्वस्त वीट सुरू होते. मजुराला आणि कारकुनाला परवडावं म्हणून हिशेब करून बांधलेलं घर आहे ते. त्यातही पुढच्या खिडकीला शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली रंगीत काच आहे. काटकसर कुठे करायची आणि हौस कुठे, याचा विचार त्या भिंतींत वाचता येतो.

ही घरं बांधली गेली तेव्हा मात्र ती कृष्णवर्णीयांसाठी नव्हती. १९५० मध्ये चॅथम जवळपास पूर्ण गोऱ्यांचं होतं, १९७० मध्ये जवळपास पूर्ण कृष्णवर्णीयांचं. गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी १९५६ मध्ये इथल्या इंडियाना ॲव्हेन्यूवर घर घेतलं तेव्हा खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. शिक्षक, पोस्टातले नोकर, वकील, छोटे कारखानदार असे लोक त्यांच्यामागून आले. बँका दारात उभं करत नव्हत्या. शिकागोत तेव्हा 'कॉन्ट्रॅक्ट'वर घर घ्यायची पद्धत बोकाळली होती. हप्ते तुम्ही भरायचे, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्या नावावर. मधला एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही. म्हणून १९६४ मध्ये इंडिपेंडन्स आणि १९६५ मध्ये सीवे या कृष्णवर्णीयांच्या बँका इथेच उभ्या राहिल्या, त्याचं मोल मोठं आहे. सीवे ८७व्या रस्त्यावर ५० वर्षांहून जास्त टिकली आणि जानेवारी २०१७ मध्ये बंद पडली.

गल्लीच्या तोंडाशी 'ब्लॉक क्लब'ची पाटी शोधा. एका गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या घरांचं मंडळ म्हणजे ब्लॉक क्लब. पाटीवर स्वागत असतं आणि त्याखाली मनाई: रस्त्यावर गाडी धुऊ नका, चेंडू खेळू नका, मोठ्याने गाणी लावू नका, टोळक्याने उभे राहू नका. आपल्या सोसायटीच्या फळ्याची आठवण व्हावी असा मजकूर आहे. ही पाटी अमेरिकेतल्या अशा दुसऱ्या कुठल्याही वस्तीत मला इतकी ठळक दिसली नाही. हिरवळ कापलेली का, बर्फ झाडलेला का, पोर्चवर रंग का ताजा, याचं उत्तर त्या पाटीत आहे. पोर्चवर बसलेली वडीलधारी माणसं 'हाउ यू डूइंग' म्हणतात, तेव्हा थांबून नीट उत्तर द्यावं. न बोलता घराचा फोटो काढणं इथे उद्धटपणा समजतात, आणि ते बरोबरच आहे.

जेवायला थोडं उत्तरेला ७५व्या रस्त्यावर जावं. लेम्स या खाणावळीत काचेच्या पेटीसारख्या भट्टीत रिब टिप्स भाजतात. हे डुकराचं मांस असतं, चालत नसेल तर आधीच सांगा. शाकाहाऱ्यांसाठी त्याच रस्त्यावर सोल व्हेजिटेरियन आहे, पूर्ण वनस्पतिजन्य. दोन्हीच्या वेळा निघण्यापूर्वी बघाव्यात.

अटलांटात बाजूने बघण्याचा नियम आणखी उपयोगी पडतो. मार्टा या शहर-रेल्वेच्या ब्लू लाइनने पश्चिमेच्या शेवटच्या हॅमिल्टन ई. होम्स स्टेशनवर उतरायचं आणि तिथून गाडी करून कॉलिअर हाइट्सला जायचं. पायी फिरण्याचा विचार नको, अंतरं लांब आहेत, चढउतार आहेत आणि बऱ्याच ठिकाणी पदपथच नाहीत. कॉलिअर ड्राइव्हवर दिसतात ती बुटकी, पसरट, एकमजली घरं. गाडी न थांबवता गेलात तर 'यात काय विशेष' असं वाटेल. जमीन उताराची असल्यामुळे समोरून एकमजली दिसणारं घर मागून दुमजली असतं. खालचा मजला म्हणजे तळघर, आणि त्याला मागच्या अंगणात उघडणारं दार.

या तळघरांमुळेच कॉलिअर हाइट्स मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९५० आणि ६०च्या दशकांत शहरातली हॉटेलं, क्लब, नृत्यगृहं कृष्णवर्णीयांना बंद होती. म्हणून लोकांनी ती घरात आणली. तळघरात बार, नाचायला गुळगुळीत फरशी, पाहुण्यांसाठी वेगळं स्वयंपाकघर. बांधकाम व्यावसायिक हर्मन रसेल यांच्या घरात तर पोहण्याचा तलाव होता आणि नागरी हक्क चळवळीतली मंडळी तिथे जमायची. राल्फ अ‍ॅबरनॅथी हे चळवळीतले नेते याच वस्तीत राहत आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे वडीलही. चॅथमची घरं दुसऱ्यांनी सोडलेली होती. कॉलिअर हाइट्सची जमीन कृष्णवर्णीयांनी घेतली, आखणी त्यांनी केली, बांधली त्यांनी आणि कर्जही १९२१ची सिटिझन्स ट्रस्ट बँक, अटलांटा लाइफ विमा कंपनी अशा त्यांच्याच संस्थांनी दिलं. सुमारे १,७०० घरांची ही वस्ती २००९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत आली. घरं खाजगी आहेत, आत जाता येत नाही, तेव्हा तळघर बघायला मिळेल या आशेने जाऊ नये. रस्त्याच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन उतारावरच्या घराची कड बघावी, तेवढ्याने मांडणी कळते.

तिथून दक्षिणेला कॅस्केड हाइट्स. वाटेत पेटन रोड मुद्दाम घ्यावा. डिसेंबर १९६२ मध्ये एका कृष्णवर्णीय डॉक्टरने या बाजूला घर घेतल्यावर महापौर आयव्हन अॅलन यांच्या प्रशासनाने पेटन रोड आणि हार्लन रोड आडवे बांध घालून बंद केले, म्हणजे पुढे कोणी येऊ नये. १ मार्च १९६३ रोजी न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि अडथळे निघाले. गाडीतून जाताना साधी झाडांची गल्ली वाटते. पण गल्ली अडवणं हा तिथे सरकारी निर्णय होता, हे ठाऊक असलं की ते वळण वेगळं दिसतं.

वॉशिंग्टनच्या पूर्वेला मेरिलँडमधली प्रिन्स जॉर्जेस काउंटी म्हणजे वस्ती नव्हे, अख्खा जिल्हा. लोकसंख्या साडेनऊ लाखांवर, त्यात कृष्णवर्णीय साठ टक्क्यांच्या आसपास. इथला कणा केंद्र सरकारची नोकरी. मेट्रोने डाउनटाउन लार्गो स्टेशनला उतरावं, पुढे गाडीशिवाय काहीही होत नाही. लॉट्सफर्ड रोडने लेक आर्बरला वळसा घालून मिचेलव्हिलकडे निघालं की १९८०-९०च्या दशकांतल्या मोठ्या घरांच्या बंद तोंडाच्या गल्ल्या लागतात. वुडमोरसारख्या काही वसाहतींना फाटक आहे, ओळखीशिवाय आत सोडत नाहीत. इथेही बाजूने बघा: समोर वीट, उरलेल्या तीन बाजूंना व्हायनिलच्या (प्लास्टिकच्या) पट्ट्या. विटेची पुढची भिंत घर बुक करताना जादा पैसे देऊन घ्यायची वस्तू असते. चॅथमच्या बंगल्याची महाग वीट आणि ही वीट, हिशेब एकच.

या काउंटीत उत्पन्न होतं, घरं होती, तरी चांगली दुकानं येत नव्हती. ग्लेनार्डनच्या वुडमोर टाउन सेंटरमध्ये २०१० मध्ये वेगमन्स हे मोठं किराणा दुकान उघडलं ती इथे बातमी होती. लोक त्याआधी चांगल्या किराण्यासाठी काउंटीबाहेर जात. चॅथममध्ये उलटं झालं, ८७व्या रस्त्यावरचं टार्गेट हे मोठं दुकान २०१९ मध्ये बंद झालं. घरमालकांची वस्ती असूनही. कुठल्याही अशा वस्तीत गेलं की मी आधी ताजी भाजी किती अंतरावर मिळते ते बघते. उत्पन्नाच्या आकड्यांपेक्षा ते जास्त सांगतं. प्रिन्स जॉर्जेसमध्ये दुसरा घाव २००८चा. महागड्या, व्याज चढत जाणाऱ्या कर्जांमुळे मेरिलँडमध्ये जप्तीचा सर्वांत मोठा फटका याच काउंटीला बसला.

न्यूयॉर्कचं अ‍ॅडिस्ले पार्क थोडक्यात. भुयारी रेल्वेच्या ई गाडीने जमैका सेंटर, पुढे लिंडन बुलेव्हार्डवरून जाणारी क्यू४ बस. सेंट अल्बन्सला लाँग आयलंडची रेल्वेही थांबते, पण गाड्या कमी, चुकली तर बराच वेळ जातो. ट्यूडर पद्धतीची घरं, मोठी झाडं, २०११ पासून वारसा परिसर. काउंट बेसी, एला फिट्झजेराल्ड, जॅकी रॉबिन्सन इथले रहिवासी. मराठी वाचकाने इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुलै १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतल्या साम्याबद्दल लिहिलं, ते कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. त्यांच्या पत्नी शर्ली ग्रॅहम यांचं घर ११३व्या ॲव्हेन्यूवर याच वस्तीत होतं.

लॉस एंजेलिसमध्ये व्ह्यू पार्क आणि विंडसर हिल्स टेकडीवर आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून के लाइन मेट्रो लायमर्ट पार्कला थांबते, पण स्टेशन खाली आणि घरं वर. उन्हात तो चढ दमवतो, म्हणून वर गाडीने जाऊन अँजेलिस व्हिस्टावरून चालत उतरावं. रविवार असेल तर लायमर्ट पार्कच्या चौकात ढोलवाले जमतात, दुपार तिथे ठेवावी. स्लॉसनवर १९५७च्या टोकदार छपराच्या जुन्या इमारतीत सिंपली होलसम हे उपाहारगृह आहे, तिथे भाज्यांची जमैकन पॅटी मिळते.

इथली घरं आता दहा लाख डॉलरच्या वर आहेत, चॅथमच्या कितीतरी पट. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'कृष्णवर्णीयांना विकू नये' अशा करारांची अंमलबजावणी नाकारल्यावर लोक हळूहळू टेकडी चढले. आज त्यांची मुलं-नातवंडं ती किंमत बाहेरून येऊन मोजू शकत नाहीत. जुने मालक टिकलेत ते बऱ्याच अंशी १९७८च्या प्रपोझिशन १३ या कॅलिफोर्नियाच्या करविषयक तरतुदीमुळे. त्यात घराचा कर खरेदीच्या किमतीवर ठरतो आणि वर्षाला फार तर दोन टक्के मूल्य वाढतं. म्हणून १९७०च्या दशकात घर घेतलेल्या आजी शेजारच्या नव्या मालकाच्या तुलनेत अगदी थोडा कर भरतात. घर विकलं की नव्याने किंमत लागते. अँजेलिस व्हिस्टाच्या उतारावर एकाच आकाराची दोन घरं शेजारी दिसतात. एकाचा रंग जुना, दारात गुलाब. दुसऱ्याच्या खिडक्या बदललेल्या आणि अंगणात गवताऐवजी खडी.