४१ किलो चिंध्या

रद्दी घ्यायला आलेल्या माणसाच्या तराजूवर मी मागच्या महिन्यात, सहज म्हणून, माळ्यावरची चार बोचकी आणि ट्रंकेतले कापड घालून पाहिले, तेव्हा वजन भरले ४१ किलो. “चिंधीला भाव नाही, ताई,” असे तो म्हणाला आणि मला त्याचा मनापासून राग आला, कारण ती चिंधी नव्हती. पुढेमागे शिवायच्या वाकळांसाठी, म्हणजे गोधड्यांसाठी, मी वीस वर्षे जमवलेली ती ठेव होती. तो गेला, बोचकी मात्र जिन्यातच राहिली, आणि येता-जाता ठेचा लागू लागल्यामुळे ती आवरणे भाग पडले.

सोलापुरात राहून घरात कापड न साठणे अवघड आहे. १८७७ साली सुरू झालेली गिरणी बंद पडून कित्येक वर्षे लोटली तरी ‘जुनी मिल’ हे तिचे नाव लोकांच्या तोंडी टिकून आहे; पूर्व भागात चादरी-टॉवेलांचे माग आहेत आणि गणवेश शिवणारे कारखाने तर गल्लोगल्ली. अशाच एका कारखान्यात माझा मावसभाऊ कटिंग करतो. तेथे कापडाचे थरावर थर लावून मशीनने एकदम कापतात, त्यामुळे उरणारे तुकडेही सारे एका मापाचे निघतात. माझ्या एका बोचक्यात शर्टाच्या मुंढ्याखालून निघालेल्या राखाडी चंद्रकोरी शेकड्यांनी होत्या, आणि त्या का आणल्या याचे उत्तर इतकेच की त्या फुकट होत्या.

पहिल्या दिवशी मी रंगांप्रमाणे ढीग लावले. निळे एकीकडे, पिवळे एकीकडे, फुलाफुलांचे मध्ये. दिसायला ते इतके सुरेख दिसले की दोन दिवस मी ते मोडलेच नाहीत. पाच फूट बाय सात फुटांच्या वाकळेला चार इंची चौकोन धरले तर ३१५ तुकडे लागतात, असा हिशेबही वहीत मांडून झाला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या अक्का आल्या. त्यांच्या घरी पूर्वी चादरीचे माग होते. आमच्या गल्लीत या वस्तूला तीन नावे आहेत: आमची वाकळ, समोरच्या कानडी घरातली कौदी आणि अक्कांच्या तेलुगूतली बोंत. अक्कांनी माझ्या रंगसंगतीकडे पाहिलेही नाही. निळ्या ढिगातले दोन तुकडे उचलून त्यांनी ते बोटांत चुरगाळले आणि म्हणाल्या, “हे कोरं आणि हे विरलेलं. शेजारी शेजारी लावलंस तर नवं जुन्याला खाईल.”

त्यांचे म्हणणे खरे होते आणि मला ते कळायला हवे होते. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते; धुऊन धुऊन मऊ झालेले कापड आता आटायचे नसते. दोन्ही एका टाक्यात जोडली की नवे ओढते आणि जुने शिवणीपाशी फाटते. दुकानदाराने “रंग पक्का आहे” म्हणून दिलेल्या लाल कटपीसने माझ्या एका वाकळेचे पांढरे आस्तर गुलाबी केले होते, तेही तो न धुता वापरल्यामुळेच. मग सगळे ढीग मोडले आणि वयाप्रमाणे पुन्हा लावले: कोरे, वापरलेले, विरलेले.

चौथा ढीग टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुताचा. शंका आली की त्याचा दोरा मेणबत्तीवर धरायचा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवर अंथरायच्या वाकळेत असले घाम न टिपणारे कापड घालणे म्हणजे झोपणाऱ्यावर सूड उगवणे आहे. राखाडी चंद्रकोरी याच ढिगात गेल्या. त्यांची पायपुसणी होतील, असे मी अजूनही म्हणते आहे.

विरलेल्या ढिगात आईचे इरकली लुगडे निघाले. ‘चांगल्या वाकळेच्या दर्शनी भागाला’ म्हणून ते मी इतकी वर्षे जपले, आणि उलगडले तेव्हा घड्यांच्या रेषांवर ते जाळीसारखे झालेले. एकदाही न वापरता, केवळ ठेवून ठेवून ते मी संपवले होते. कितीतरी वेळ मी ते मांडीवर घेऊन बसले. अक्का म्हणाल्या, ते वर नको, आत घाल. आत मऊच लागते. काठ मात्र अजून दणकट होता, म्हणून तो उसवून चारी बाजूंच्या मगजीला, म्हणजे कडेच्या पट्टीला, काढला आणि अंग मधल्या थराला पसरले. वर धुऊन घेतलेले कोरे कापड, खाली जुने धोतर. कडेने सुरुवात करून दुपदरी धाग्याचा धावदोरा आत आत नेत गेले. मधले लुगडे आता कोणाला दिसत नाही, पण सुई त्यातून जाताना वेगळी जाते, हे हाताला कळत होते.

सव्वा महिन्यात एक वाकळ झाली. काल अक्कांना दाखवली. त्यांनी ती आधी उलटी केली, मागचे टाके पाहिले, मध्यावर तळहात दाबून धरला आणि पुन्हा घडी घालून माझ्याकडे दिली.

“धुतल्यावर सांगते,” म्हणाल्या.