येरेवानमधली नाती आणि मागे लागणारं 'जान'

भाची आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, डॉक्टरकी शिकते. ती राहते त्या घराच्या मालकीणबाईंनी दारातच विचारलं, "मोर्कुर का होर्कुर?" 'मोर्कुर' ऐकल्यावर बाईंनी मला मिठीच मारली. मोर्कुर म्हणजे मावशी, होर्कुर म्हणजे आत्या. मामा तो केरी, काका तो होपार. भाचीच्या वर्गातल्या मुलांनी सगळ्यांना 'अंकल-आंटी' करून टाकलंय, त्यामुळे बाईंना कोण कोणाचं ते कळतच नाही म्हणे. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पाच मिनिटांत माझ्या माहेरची सगळी माणसं त्यांना पाठ झाली होती.

आजी तातिक, आजोबा पापिक. बहीण कुयरिक. भाऊ पुस्तकात येघबायर, रस्त्यावर मात्र आखपेर, आणि घाईत नुसताच आपेर. टॅक्सीवाला आपेर, मोबाइलचं कार्ड देणारा पोरगाही आपेर. आणि सगळ्यांच्या मागे 'जान'. शब्द फारसीतला, आपल्याकडेही आलेला, पण आपण तो सिनेमातल्या प्रेमिकांना देऊन मोकळे झालो. इथे गुम बाजारात सुकामेव्याच्या गाळ्यावरचा मिशीवाला गृहस्थ मला "कुयरिक जान" म्हणत द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवलेली अक्रोडांची माळ, म्हणजे सुजुख, पुढे करत होता. भाव मात्र एका द्रामनेही कमी केला नाही. त्याच्या शेजारच्या गाळ्यावरची आजी नातवाला "ताती जान, इकडे ये" म्हणत होती. म्हणजे आजी नातवालाच आजी म्हणते! आई लेकराला 'मामा जान' म्हणते, 'मामा' म्हणजे आई. आपणही पोराला "ऐक रे बाबा" म्हणतोच की.

गार्नीचं देऊळ येरेवानहून तासाभरावर. पहिल्या शतकातलं, 1679 च्या भूकंपात कोसळलेलं, 1975 मध्ये पुन्हा उभं केलेलं. खांब सुंदर आहेत, पण आम्ही रमलो ते गावातल्या लवाशच्या, म्हणजे तिथल्या पातळ भाकरीच्या, भट्टीवर. जमिनीत पुरलेला तोनीर, भोवती तीन बायका. थोरली पीठ लाटत होती. तिची सून ते हातांवर झुलवून पातळ करायची, गवत भरलेल्या लंबगोल उशीवर ताणायची आणि कमरेत वाकून भट्टीच्या भिंतीवर फटकन थापायची. अर्ध्या मिनिटात तिसरी आकड्याने भाकर ओढून काढी. सुनेला हार्स म्हणतात, नवरीलाही हार्सच. लग्नानंतर नवरानवरी घरात येताना सासू त्यांच्या खांद्यांवर लवाश ठेवते आणि मध भरवते.

सासू म्हणजे स्केसुर, दीर म्हणजे तागर. संस्कृतातल्या श्वश्रू आणि देवृ यांचे हे लांबचे भाऊबंद, आणि आपले सासू-दीरही त्याच गोतावळ्यातले. एका बाबतीत मात्र आर्मेनियन लोक आपल्यावर मात करतात. स्केसुर फक्त नवऱ्याची आई. बायकोच्या आईला वेगळा शब्द, झोकांच. आपल्याकडे दोघींना एकाच 'सासूबाईं'त कोंबलंय.

पूर्वी खेड्यांतल्या नव्या हार्सला सासऱ्यासमोर, काही घरांत सासूसमोरही, बोलायची बंदी असे, कधीकधी वर्षानुवर्षं. मग बायकांनी हातवाऱ्यांची आपली भाषाच तयार केली, तिचं नाव हार्सनेरेन. नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेणाऱ्या आपल्या आज्या त्या मानाने बोलघेवड्याच म्हणायच्या. भट्टीवरची हार्स मात्र सासूवर बिनधास्त खेकसत होती, "उशी इकडे सरकव!"

मला सगळ्यात आवडलं ते 'चावत तानेम'. यातला च आपल्या चोरातला, चहातला नव्हे. भाचीच्या उत्तरेकडच्या मैत्रिणींना तो जमत नाही, ती आयतीच भाव खाऊन जाते. अर्थ, 'तुझं दुखणं मी घेते'. पोर ठेचकाळलं की म्हणतात, आणि नुसतं गोड दिसलं तरी म्हणतात. मालकीणबाई तर भाचीला चहा देतानाही म्हणायच्या. कानशिलावर बोटं मोडून इडापिडा घेणारी माझी आजी इथे सहज खपली असती.

शेवटच्या संध्याकाळी झेंग्यालोव हात्स खाल्ला. हा आर्त्साखचा, म्हणजे नागोर्नो-काराबाखचा पदार्थ. बारीक चिरलेल्या ढीगभर पालेभाज्या पिठाच्या पारीत भरून, करंजीसारखं तोंड मिटवून, दाबून तव्यावर भाजायचं. सप्टेंबर 2023 मध्ये अझरबैजानने तो भाग ताब्यात घेतल्यावर लाखभर आर्मेनियन माणसं आर्त्साख सोडून आली, गाड्यावरची बाई त्यांतलीच, तिथल्या स्तेपानाकेर्त शहरातली. गाड्यावर 'तातिक-पापिक'चं चित्र चिकटवलेलं होतं. स्तेपानाकेर्तजवळ टेकडीवर 1967 मध्ये उभारलेलं हे तांबूस दगडाचं शिल्प, आजी-आजोबांची नुसती डोकी जमिनीतून वर आलेली. त्याचं खरं नाव 'आम्ही म्हणजे आमचे डोंगर', पण ते कुणी घेत नाही. बाईने तिचं घर शिल्पापासून किती जवळ होतं ते हातांनी दाखवलं.

भाची लाडात येऊन म्हणाली, "तातिक जान, आणखी एक द्या." बाईने उलथनं खाली ठेवलं. "तातिक तो चित्रातला दगड," ती म्हणाली. "मला कुयरिक म्हण, नाहीतर रांगेत मागे जा."