पंधराव्या महिन्यातल्या फाइली

आमच्याकडे दुरुस्तीला आलेला संगणक सुरू होत होता, म्हणून तर सगळे बुचकळ्यात पडले होते. विंडोज ९५ चं निळं आकाश दिसायचं, डेस्कटॉप यायचा आणि स्टार्ट मेनू उघडला की आत जवळपास काहीच नाही. फाइली मात्र सगळ्या जागच्या जागी होत्या, उघडतही होत्या. गेली होती ती फक्त नावं. प्रत्येकाचं सहा अक्षरं, मग ~ आणि एक आकडा एवढंच उरलं होतं. 'प्रोग्राम फाइल्स'चं 'प्रोग्रा~१' झालेलं. एका फोल्डरात 'स्टॉकआर~१' पासून 'स्टॉकआर~९' पर्यंत नऊ एक्सेलच्या फाइली, आणि कुठली कुठल्या वर्षाची ते उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

डिस्क हातात घेण्याआधी विचारून घेतलं की मधे काय काय केलं. मशीन एकदा अचानक बंद पडलं होतं. मग कुणीतरी डॉस ६.२२ ची (डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालवायची प्रणाली) फ्लॉपी घालून ते सुरू केलं आणि डिस्क तपासून दुरुस्त करणारा एक जुना प्रोग्राम चालवला, विंडोज ९५ यायच्या आधीचा. त्याने शेकड्यांनी चुका दाखवल्या. पहिल्या पाच-दहांना 'दुरुस्त कर' म्हणून झाल्यावर कंटाळून 'सगळ्या दुरुस्त कर' दाबलं. इथेच निदान झालं. विंडोज ९५ चालू असताना असा प्रोग्राम परस्पर डिस्कवर लिहायला गेला तर विंडोज त्याला अडवतं, आधी 'लॉक' ही आज्ञा द्यावी लागते. फ्लॉपीवरून आलेल्या डॉसमध्ये अडवायला कुणी नसतं.

त्या प्रोग्रामला चुका कुठे दिसल्या, हे समजून घेण्यासारखं आहे. फॅट ही डॉस आणि विंडोज ९५ ची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. फॅट डिस्कवर डिरेक्टरी, म्हणजे फोल्डरातल्या फाइलींची यादी, ही ३२ बाइटच्या घरांची एक रांग. जुन्या पद्धतीत एका फाइलला एक घर: ८ बाइट नाव, ३ बाइट एक्स्टेन्शन, १ बाइट गुणधर्म, पुढे वेळ, तारीख, पहिला क्लस्टर (डिस्कवरचा ठराविक मापाचा कप्पा; फाइल जिथून सुरू होते तो पहिला) आणि शेवटच्या ४ बाइटांत आकार. १९९५ साली लांब नावं आली तेव्हा ही रचना मोडायची नव्हती. म्हणून लांब नावाचे १३-१३ अक्षरांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा अशाच एका घरात कोंबला आणि ती घरं मूळ घराच्या वर, उलट्या क्रमाने रचली. नावाचा शेवटचा तुकडा सगळ्यात वर, पहिला तुकडा मूळ घराला चिकटून. जुन्या डॉसने त्यांच्याकडे बघू नये म्हणून गुणधर्माच्या बाइटमध्ये 'फक्त वाचा', 'लपलेली', 'सिस्टिम' आणि 'व्हॉल्यूम लेबल' हे चारही बिट एकदम लावले. हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावरच्या आकड्यांत, ०एफ. असं एकत्र कुठल्याच खऱ्या फाइलला कधी नसतं, त्यामुळे डॉस ती घरं ओलांडून पुढे जातं.

डॉस पुढे जातं, पण डिस्क तपासणारा प्रोग्राम प्रत्येक घर वाचतो. तोच तर त्याचा धंदा. 'स्टॉक रजिस्टर ९८.एक्सएलएस' हे नाव घ्या. रोमनमध्ये, मोकळ्या जागा आणि टिंब धरून, ते २१ अक्षरांचं. पहिली १३ एका घरात, उरलेली ८ दुसऱ्यात. दुसऱ्या घरात ८ अक्षरांनंतर एक शून्य येतं आणि राहिलेल्या सगळ्या जागा एफएफ ने (ज्याचे सगळे बिट एक, अशा बाइटने) भरल्या जातात. आता तेच घर जुन्या नजरेने वाचून बघा. वेळेच्या जागी सगळे एक, म्हणजे ३१ वाजून ६३ मिनिटं. तारखेच्या जागी सगळे एक, म्हणजे सन २१०७, महिना पंधरावा. आकाराच्या जागी चार एफएफ, म्हणजे ४,२९४,९६७,२९५ बाइट. १.२ जीबीच्या डिस्कवर चार जीबीची फाइल, पहिला क्लस्टर शून्य, आणि वर ती व्हॉल्यूम लेबल असल्याचा दावा करतेय! एका डिस्कला लेबल एकच असतं, इथे हजारांनी. त्या प्रोग्रामने ही घरं कचरा समजून काढून टाकली. त्याच्या अकलेने त्याचं बरोबरच होतं.

पण काढून टाकली म्हणजे काय केलं? फॅटमध्ये नोंद पुसताना तिचा फक्त पहिला बाइट बदलून ई५ करतात. उरलेले ३१ बाइट तसेच राहतात. लांब नावाच्या घरात पहिला बाइट हा तुकड्याचा क्रमांक असतो आणि शेवटच्या तुकड्याच्या क्रमांकात ४० हेक्स मिळवलेले असतात. म्हणजे हरवला तो फक्त क्रमांक, आणि तो मोजून परत काढता येतो: मूळ घराला चिकटलेलं घर १, त्यावरचं २, असं वर जायचं.

डिस्कवरून मशीन पुन्हा सुरू करायचं नाही, हे आधी ठरवलं. विंडोज सुरू झालं की तात्पुरत्या फाइली लिहितं, आणि नवीन फाइल डिरेक्टरीतल्या पुसलेल्या घरातच जाऊन बसते. डिस्क काढली, मास्टर की स्लेव्ह ते ठरवणारा तिच्यावरचा छोटा जंपर मास्टरवर ठेवला (ॲडॅप्टरला जोडताना स्लेव्हवर राहिलेली जुनी डिस्क बरेचदा दिसतच नाही), यूएसबी ॲडॅप्टरने लिनक्सच्या मशीनला जोडली आणि 'डीडी' या आज्ञेने तिची पूर्ण इमेज, म्हणजे बाइटन्‌बाइट नक्कल, घेतली. इमेजची आणखी एक प्रत केली. पुढचं सगळं त्या प्रतीवर.

कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये स्टॉकवालं फोल्डर उघडलं. या आकाराच्या फॅट१६ डिस्कवर क्लस्टर ३२ केबीचा असतो, म्हणजे एका क्लस्टरात १,०२४ घरं. बहुतेक फोल्डरं एकेका क्लस्टरातच मावली होती. 'स्टॉकआर~९' च्या वर दोन घरं, दोन्ही ई५ ने सुरू होणारी, दोन्हींचा बारावा बाइट ०एफ. अक्षरं एकाआड एक शून्य बाइटांनी विरळ झालेली, तरी डोळ्यांनी वाचता येत होती.

वाचता येतंय म्हणून लगेच क्रमांक लिहायचे नसतात. वरची पुसलेली घरं याच फाइलची आहेत की पूर्वी कधीतरी उडवलेल्या दुसऱ्याच फाइलची? याचं उत्तर घराच्या चौदाव्या बाइटमध्ये असतं. तिथे आखूड नावाचा चेकसम, म्हणजे त्याच्या अक्षरांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, लिहिलेला असतो. तो काढायचा असा: शून्यापासून सुरुवात, दर अक्षराला आधीच्या बेरजेचे आठ बिट एक जागा उजवीकडे फिरवायचे, उजवीकडून पडलेला बिट डावीकडून आत घ्यायचा, मग अक्षराचा कोड मिळवायचा आणि २५६ किंवा त्याच्या वर गेलं तर २५६ वजा. असं ११ बाइटांसाठी. लोक चुकतात ते इथे: टिंब धरायचं नसतं, आणि नाव आठापेक्षा लहान असेल तर रिकाम्या जागी स्पेस धरायचा असतो. स्टॉकआर~९ आणि एक्सएलएस यांचा चेकसम येतो २९, हेक्समध्ये १डी. दोन्ही घरांत चौदावा बाइट १डी च होता. वरच्या घरात ४२, खालच्यात ०१ लिहिलं. नाव परत आलं.

एक झाल्यावर बाकीच्यांसाठी छोटा प्रोग्राम लिहिला. चेकसम एकाच बाइटचा, त्यामुळे भलतंच घर २५६ मध्ये एकदा योगायोगानेही जुळू शकतं. म्हणून आणखी एक अट घातली: लांब नावातून मोकळ्या जागा काढून, कॅपिटलमध्ये घेतलेली पहिली सहा अक्षरं आखूड नावाशी जुळली पाहिजेत. ~१० पासून पुढे ती पाचच उरतात, हे पहिल्या फेरीत आम्ही विसरलो आणि एक फोल्डर विनाकारण नापास झालं.

काही नावं खरंच अडली. ~ वाली नावं बघवेनात म्हणून कुणीतरी डॉसमध्ये बसून दहा-बारा फाइलींना नवी आखूड नावं दिली होती. डॉस नाव जागेवरच बदलतं, त्यामुळे वरची पुसलेली घरं शाबूत होती, पण चेकसम जुन्या नावाचा. तिथे उलट गेलो: लांब नावावरून जुनं आखूड नाव काय असेल ते ~१, ~२ लावत बनवलं, त्याचा चेकसम घरातल्याशी जुळवला, जुळल्यावर नव्या नावाचा चेकसम काढून प्रत्येक तुकड्यात तोच लिहिला. हे न करता फक्त क्रमांक लिहिले असते तर विंडोजने ते तुकडे बेवारस समजून सोडून दिले असते.

प्रत दुरुस्त झाल्यावर लिनक्समधला फॅट डिस्क तपासणारा 'एफएससीके.फॅट' फक्त वाचायच्या पर्यायाने चालवला. लांब नावाचे बेवारस तुकडे आणि चुकलेले चेकसम तो नेमके दाखवतो. मग ती प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून विंडोज ९५ मधून, विंडोजचाच डिस्क तपासणारा स्कॅनडिस्क. डॉसमधून चालणारा, ९५ बरोबर आलेला स्कॅनडिस्क लांब नावातला दोष ओळखतो, पण दुरुस्तीसाठी विंडोजमधल्याकडे पाठवतो. स्टार्ट मेनू भरलेला दिसला.

जुनाच प्रोग्राम चालवणं भाग असेल तर विंडोज ९५ च्या सीडीवर 'एलएफएनबीके' नावाचं साधन आहे. आधी सिस्टिमच्या परफॉर्मन्समध्ये, फाइल सिस्टिमच्या ट्रबलशूटिंगमध्ये जाऊन जुन्या प्रोग्रामांसाठी लांब नावं जपणं बंद करायचं. मग 'बी' पर्याय देऊन नावं एका फाइलीत काढून ठेवायची, काम झाल्यावर 'आर' देऊन परत लावायची. मधे फोल्डरांची रचना बदललीत तर परत लागत नाहीत. आणि डिस्कवरच्या फाइली सलग मांडणारा जुना डिफ्रॅग एकदा का नोंदींची क्रमवारी लावून गेला की आखूड नाव एकीकडे, तुकडे भलतीकडे. तसं इथे झालं असतं तर आम्ही डिस्क परत केली असती.

स्टॉकच्या नऊपैकी सात नावं आली. त्या जुन्या प्रोग्रामच्या 'दुरुस्ती'नंतर दोन दिवस मशीन वापरात होतं, तेवढ्यात त्या फोल्डरात आखूड नावाच्या तीन तात्पुरत्या फाइली तयार झाल्या होत्या, आणि त्यांनी वरून पहिली तीन पुसलेली घरं घेतली. ~१ ची दोन्ही गेली. ~२ चं वरचं गेलं, खालचं राहिलं. खालच्यात 'स्टॉक रजिस्ट' एवढंच. वर्ष वरच्या तुकड्यात असतं. ९२ ते ९८ सापडले होते, म्हणजे ही दोन ९० आणि ९१, क्रमाने. तसं नाव देऊन टाकायच्या बेतात होतो, तरी उघडून पाहिल्या. ~१ च्या मथळ्यावर १९९१ होतं.