हरेगावच्या वाटेवर

हरेगावच्या यात्रेला पायी निघालो होतो. देहऱ्यापर्यंत सगळे जोरात होते. पुढे फुलांनी सजवलेल्या पिकअपमध्ये मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, मूर्ती, मागे निळ्या साड्यांतल्या बायका, त्यांच्या मागे आम्ही. नगर-मनमाड रस्त्यावरून जो चाललाय त्याला खड्ड्यांचं आणि ट्रकच्या धुळीचं वेगळं सांगायला नको. जपमाळ चालू होती. स्पीकरवरचे दादा इतक्या घाईने ‘नमो मरिये’ म्हणायचे की आमचं उत्तर संपायच्या आत त्यांचा पुढचा मणी सुरू. दुःखाची रहस्यं, म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाचं मनन, चालली होती, प्रभूच्या खांद्यावर क्रूस होता, आणि आम्हाला पळत पळत त्याच्या मागे जावं लागत होतं. मला फार राग आला. रागातच पन्नास मणी संपले. तरी शेवटच्या मण्याला डोळ्यांत पाणी का आलं, ते आजही सांगता येत नाही.

विद्यापीठ मागे पडलं, मुळेचा पूल झाला, राहुरीला मुक्काम झाला.

पहाटे चारला निघायचं आणि उजाडेपर्यंत कोणी बोलायचं नाही, असा आमच्या फादरांचा नियम होता. स्पीकरसुद्धा बंद. पदयात्रेतला मला सगळ्यात आवडलेला वेळ तोच. अंधारात फक्त चपलांचा आवाज, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच झालेला ऊस आणि त्याच्या पानांची सळसळ. मनातल्या मनात मरियेचं गीत म्हणत होते. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलं, संध्याकाळच्या प्रार्थनेला म्हणतो ते. इतकं पाठ आहे की अर्थाकडे लक्षच जात नाही. त्या पहाटे गेलं. एका खेड्यातली, लग्न न झालेली, पोटुशी मुलगी म्हणते आहे की देव सत्ताधाऱ्यांना गादीवरून खाली ओढतो, दीनांना उंच करतो, भुकेल्यांना पोटभर देतो आणि धनवानांना रिकाम्या हातांनी घालवतो. आम्ही तिला नवस बोलतो, हार घालतो, मेणबत्त्या लावतो. ती काय म्हणाली होती ते मात्र तिच्यापुढे उभं राहून कधी ऐकत नाही.

उजाडलं, चहा झाला. दुपारी जेवणाला आधी पुरुषांची पंगत बसली. ज्या बायकांनी चालून येऊन पोळ्या लाटल्या त्यांना शेवटी पातेल्याच्या तळाचं वरण मिळालं. मी बोलले. “दरवर्षी असंच असतं,” असं उत्तर आलं.

राहुरी फॅक्टरी सोडून देवळालीच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजव्या टाचेचा फोड फुटायच्या बेतात होता आणि डाव्या चवड्याला दुसरा आला होता. सप्टेंबरातलं उघडिपीचं ऊन. डांबर चपलेतून वर चटके देत होतं. रथ पुढे गेला, भजनाचा आवाज लांब गेला. आत्या माझ्यासाठी थांबल्या खऱ्या, पण त्यांचंही गुडघ्याने काही चालू देईना. एका वस्तीपाशी चिंचेखाली टेकलो.

पत्र्याच्या खोलीतून एक म्हातारी आली. नाकात नथीचं नुसतं भोक, गळ्यात तुळशीची माळ.

“काय झालं गं पोरी पायाला? बघू दे.”

मी पाय आखडून घेतला. तिने ऐकलं नाही. आत जाऊन घमेल्यात पाणी आणलं, त्यात मीठ टाकलं, आणि माझा पाय धरून सरळ आत ठेवला. मीठ झोंबलं. मग सुई चुलीच्या निखाऱ्यावर धरली, पांढरा दोरा ओवला, फोडाच्या एका कडेने आत घालून दुसऱ्या कडेने काढला आणि दोऱ्याची दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापला. “दोरा काढू नगं. पानी त्याच्यावरनं वघळून जातंय. कातडं वडलंस तर उद्या पाय टेकायचा न्हाई.” वरून हळद-तेल. हे सगळं माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन. माझ्या आजीच्या वयाची बाई. मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, “आजी, नको, पायाला हात लावू नका.”

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी आमच्याकडे फादर बारा जणांचे पाय धुतात. आदल्या दिवशी यादी होते, लोक घरून पाय स्वच्छ धुऊन येतात. त्या वेळी शिष्य पेत्र प्रभूला “माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस” असं का म्हणाला, ते इतक्या वर्षांत समजलं नव्हतं. चिंचेखाली समजलं. घेणं किती अवघड असतं, आणि देणाऱ्याला त्यात काहीच विशेष वाटत नसतं!

“कोन्या देवाला चालला?”

“हरेगावला, मतमाउलीला.”

“म्या बी गेले हुते. सूनबाईला मूल हुईना तवा. मेनबत्ती लावली.” ती एकादशी करते, मुलगा तिला एकदा पंढरीला घेऊन गेला होता. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ही बाई त्या पुलावरून दोन्ही बाजूंना सहज ये-जा करते.

मग तिची हकीकत निघाली. मूळची पाथर्डीकडची. उभी हयात नवऱ्याबरोबर ऊस तोडला, म्हणजे मुकादमाच्या हिशेबात दोघं मिळून एक कोयता. आता म्हातारा इथे सालगडी आहे. दसरा झाला की मुलगा-सून कारखान्यावर जातात. मुकादमाकडून यंदाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन झाली आहे, गेल्या वर्षीची फिटलेली नाही. नातवंडं बरोबर जातात, शाळा सुटते. मी ऊसतोड कामगारांच्या सरकारी ओळखपत्राचं विचारलं. “कसलं कार्ड?” ती म्हणाली. निघताना आत्यांनी पन्नासची नोट पुढे केली तर ती रागावली.

पुढचा रस्ता मी शांतपणे चालले असं नाही. डोकं तापलं होतं. माझे आजोबा राहुरी तालुक्यातल्या एका गावातल्या महारवाड्यातले. बाप्तिस्मा झाला तरी गावच्या आडावर त्यांना पाणी मिळालं नाही. पुढे 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींमध्ये आम्हाला धरलं नाही. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. आमचा प्रश्न अजून तसाच. गावाने आमची जात कधी पुसली नाही, फक्त कागदाने पुसली. हे मी मरियेला चालता चालता, जपाच्या मधेच, भांडल्यासारखं सांगितलं. त्यालाही प्रार्थना म्हणत असावेत.

बेलापूर, प्रवरेचा पूल, श्रीरामपूर. हरेगावात शिरलो तेव्हा गर्दी, पाळणे, फुगे, रेवड्या, आणि चर्चच्या अंगणात मेणबत्त्यांचा असा जाळ की उभं राहवेना. माउलीचं मुख दिसलं आणि पाय दुखतात हेच विसरले.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुरू झाली तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. ऑगस्ट 2023 मध्ये याच हरेगावात शेळ्या आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं होतं. ज्या गावात लाखो लोक आईकडे पदर पसरायला येतात त्याच गावात. प्रवचनात आजारी माणसांसाठी, नोकरीसाठी, संततीसाठी प्रार्थना झाल्या. त्या पोरांचं नाव निघालं नाही. मी विनंतीच्या चिठ्ठीत त्यांच्यासाठी लिहिलं. खाली त्या आजींच्या सुनेसाठी आणि तिच्या उचलीसाठी.

परतीच्या एसटीत आत्यांनी विचारलं, चिठ्ठीत काय मागितलंस. सांगितलं. “ते माउलीकडे कशाला? ते कलेक्टर कचेरीत मागायचं असतं.”

“दोन्हीकडे मागू.”

“मागणारे हवेत ना!” राहुरीपर्यंत आमचं वाजलं. तिथे त्या जरा गप्प बसल्या, मग म्हणाल्या की त्यांचं माहेर पाथर्डीचंच. ऊसतोड कामगारांचं ओळखपत्र ग्रामसेवक देतो, पण माणसं एकदा कारखान्यावर गेली की कोण देणार आणि कोण घेणार? दसऱ्याच्या आत झालं तर झालं. येत्या रविवारी मिस्सा सुटल्यावर या कामाला कोण कोण येतं ते विचारायचं ठरलं. फादरांशी बोलायचं आत्यांनी, आणि वस्तीवर जाऊन त्या आजींच्या मुलाचे-सुनेचे आधार कार्डाचे फोटो आणायचे मी.