तिसरं कपाट लागलं, ग्रामगीतेचा निकालही लागला

कथा-कादंबऱ्यांची दोन कपाटं आधीच लागली होती. त्यात डोकं लागत नाही; ड्यूईच्या पद्धतीत प्रत्येक विषयाला आकडा असतो, त्यातला मराठी कथा-कादंबरीचा ८९१.४६३ लिहायचा, लेखकाचं अक्षर टाकायचं, मोकळं व्हायचं. आमच्या वाचनालयात खरं अडलं होतं ते 'हे ठेवावं कुठी?' म्हणून बाजूला टाकलेल्या गठ्ठ्यापाशी.

वर सापडली ग्रामगीता. ४१ अध्याय, सगळे ओवीबद्ध. म्हणून काव्यात? की तुकडोजी महाराजांची म्हणून २९४.५ ला, धर्मात? आत तर ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य. ड्यूईचं म्हणणं असं की पद्य ही नुसती सांगायची रीत असेल तर पुस्तक विषयाकडे जातं. म्हणजे ३०७.७२, ग्रामीण समाज. भजन मंडळवाले नाराज होतील असं आधी वाटलं, पण त्यांच्या घरी ग्रामगीता असतेच. वाचनालयातून ती नेतात भाषणं तयार करणारी पोरं, नाहीतर नवे सरपंच. तेव्हा ती पाणलोट आणि रोजगार हमीच्या शेजारी बसली. मला तर ती तिथंच शोभते.

लीळाचरित्र याच्या उलट. म्हाइंभटांनी जमवलेल्या चक्रधरस्वामींच्या आठवणी. धर्मग्रंथ, चरित्र आणि मराठीचं आद्य गद्य, सगळं एकातच. महानुभाव पंथाचं तीर्थ रिद्धपूर आमच्याच अमरावती जिल्ह्यात, त्यामुळे विचारणाराही महानुभावच जास्त. धर्मात ठेवलं. पण एम. ए. मराठीची पोरं साहित्याच्या फळीवरच शोधतात, म्हणून तिथं एक डमी उभी केली. जुन्या दाखल नोंदवहीचा पुठ्ठा कापला, दुमडून वर खाकी कागद चढवला, कण्यावर नाव आणि खाली 'धर्म, २९४.५ पाहा'. उभी राहावी म्हणून आत वर्तमानपत्राची घडी कोंबली. करून बघा, सूचीतल्या कार्डापेक्षा हे लवकर दिसतं.

धर्माच्या फळीबद्दल मात्र ड्यूईवर राग येतो. १८७६ सालची अमेरिकन पद्धत. २२० ते २८० सगळं ख्रिस्ती धर्माला, बाकी जगाची २९० मध्ये दाटीवाटी. आमच्याकडे ते आकडे जवळपास रिकामे आणि २९४.३ बौद्ध, २९४.५ हिंदू, एवढ्यातच अख्खी फळी वाकलेली.

गुलाबी बोंडअळीच्या पुस्तिकेचा घोळ झटक्यात मिटला. कीड म्हणून ६३२, कापूस, आमच्याकडची पऱ्हाटी, म्हणून ६३३.५१. नियम असा की परिणाम ज्याच्यावर होतो त्याच्याकडे पुस्तक जातं. शेतकरीही तसंच विचारतो: "भाऊ, पऱ्हाटीचं काही हाये का?" अळ्यांचा कप्पा कोणी मागत नाही.

दुकानदारांचं बरं असतं. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथं मी एका विक्रेत्याला विचारलं, एकच पुस्तक चरित्रातही अन् कायद्यातही कसं? "जिथं गिऱ्हाईक वाकते तिथं ठेवतो जी." त्याच्याकडे प्रती ढिगानं, दोन ठिकाणी ठेवल्या तर बिघडत नाही. आमच्याकडे बहुतेक पुस्तकांची एकच. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा, दोघांनाही लागू. फक्त आम्हाला त्यासाठी पुठ्ठा कापावा लागतो.

आता गठ्ठ्यात उरली पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांची पुस्तकं, सोबत दंडार या तिथल्या लोककलेवरचं एक. नाटकं ८९१.४६२ ला जातील. दंडारीत नाच आहे, गाणं आहे, सोंग आहे. तिला ७९२ रंगभूमी द्यावी की ३९८ लोकसाहित्य? गडचिरोली-भंडाऱ्याकडं वाचनालय लावणाऱ्यांनी सांगावं, तुमच्याकडे कोणत्या फळीवर मागतात?